दूरचा नेम

बास्केटबॉलचे गणित सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडवाल्याला चटकन उमजेल. १८९१ साली नेस्मिथ यांनी टोपली टांगली, तेव्हा चेंडू कुठूनही टाकला तरी मोल एकच होते. साहजिकच टोपलीजवळच्या उंच खेळाडूंचे फावले. पुढे १९६१ साली अमेरिकेतील एका नव्या संघटनेने दूरच्या गोलाला ३ गुण दिले. १९८४ साली तो नियम आंतरराष्ट्रीय झाला. दुरून तिनांत एक नेम साधला, तरी जवळून दोहोंत एक साधल्याइतकेच फळ! शिवाय प्रतिपक्ष पांगतो आणि टोपलीखालची वाट मोकळी होते. परंतु २०१८ साली ह्यूस्टनच्या संघाचे निर्णायक सामन्यात असे २७ नेम ओळीने हुकले आणि अंतिम फेरी हातची गेली. कापडवाला म्हणेल, चढ्या नफ्याचा माल अवश्य ठेवावा. रोजच्या खपाचे ठाण मात्र दुकानातून हलवू नये.