नवें हृदय, जुना शत्रु

ता. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयांत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं अपघातांत मरण पावलेल्या एका तरुणीचें हृदय लुई वॉशकान्स्की या गृहस्थाच्या छातींत बसविलें. साऱ्या जगाचें लक्ष त्या रोग्याकडे लागलें. परंतु १८ व्या दिवशीं तो दगावला. आणि नवल असें कीं, नवें हृदय अखेरपर्यंत उत्तम चाललें होतें. मृत्यु आला तो न्यूमोनियानें, म्हणजे फुप्फुसांत माजलेल्या जंतूंमुळें.

असें कां व्हावें? जें परकें तें हांकलून द्यावयाचें, हा शरीराचा धर्म आहे. जंतु कोण व उपकारक अवयव कोण, हा भेद त्यास कळत नाहीं. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी आरोपण केलें, तें एकसारख्या जुळ्या भावांमध्यें. म्हणून तेथें परकेपणाचा प्रश्न उद्भवला नाहीं. इतरांच्या बाबतींत मात्र शरीराचा पहारा औषधांनीं ढिला करावा लागतो. त्यानें अवयव तगतो, पण त्याच वाटेनें जंतूहि आंत शिरतात. वॉशकान्स्कीच्या फुप्फुसांवरील डाग हें प्रथम शरीर हृदयास नाकारीत असल्याचें चिन्ह समजण्यांत आलें, आणि पहारा अधिकच ढिला करण्यांत आला!

अशा रोग्यास आधार जंतुनाशक औषधांचा. पण अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास न जुमानणारे बनतात, असें अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांतच बजावलें होतें. पुढें तसेंच घडलें. क्लेब्सिएला जातीचे कांहीं जंतु कार्बापेनेम या प्रबळ औषधांसहि दाद देईनासे झाले. तेव्हां वैद्यांस कोलिस्टिन हें जुनें औषध पुन्हां बाहेर काढावें लागलें. तें मूत्रपिंडास अपाय करतें म्हणून १९७० नंतर मागें पडलें होतें. ज्या मूत्रपिंडासाठीं एवढा खटाटोप, त्यासच बाधक औषध द्यावयाचें, असा हा पेंच! २०१५ सालीं आलेल्या सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम या जोड औषधानें तो थोडा सैल झाला. तथापि सर्वच हट्टी जंतूंवर तें चालत नाहीं.

म्हणून उपचारांत शिस्त हवी. कोणता जंतु आहे व तो कोणत्या औषधास भितो, हें प्रयोगशाळेंत पाहावें. साचलेला पू काढावा. गरज संपलेल्या नळ्या ठेवूं नयेत. जीवास धोका असल्यास पहारा ढिला करणारीं औषधें बेतानें कमी करावीं. जंतुनाशक औषध हवें तितकेच दिवस द्यावें. आणि रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं हात धुवावे.

त्याच रुग्णालयांत जानेवारी १९६८ मध्यें फिलिप ब्लायबर्ग यांस नवें हृदय मिळालें. त्यांच्या खोलींत जंतूंचा शिरकाव होऊं नये म्हणून कडक बंदोबस्त होता. ते १९ महिने जगले. अवयव बसविणें हें एका दिवसाचें काम. त्याची राखण मात्र जन्माची आहे.