गळ्यातला बिल्ला कुणाचा?

सैनिकाच्या गळ्यातला ओळखीचा बिल्ला ही सरकारी चीज आहे, असे आपण धरून चालतो. क्रमांक सरकारचा, साचा सरकारचा. घरच्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या कपाटात जपला, तर ती मागाहून जडलेली माया. माझे म्हणणे उलटे आहे. हा बिल्ला आधी सैनिकांच्या आणि घरच्यांच्या गरजेतून जन्मला. सैन्याने तो उशिरा उचलला. अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकार शिपायाला ओळखीचे काहीच देत नव्हते. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन केनेडी यांनी प्रत्येक सैनिकासाठी बिल्ला करून देण्याची तयारी युद्धखात्याला कळवली, ती नाकारली गेली. मग शिपायांनीच मार्ग काढला. कुणी नाण्याची एक बाजू घासून तिच्यावर नाव कोरले, कुणी छावणीमागून फिरणाऱ्या दुकानदाराकडून पितळी चकती घेऊन तिच्यावर नाव आणि पलटण ठोकून घेतली. १८६४ मध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याआधी शिपाई नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या कोटाच्या पाठीला लावत होते, असे जनरल ग्रँट यांचे सहायक होरेस पोर्टर यांनी लिहिले आहे. त्यांचे पुस्तक १८९७ चे, म्हणजे घटनेनंतर तीसेक वर्षांनी आलेले. त्यामुळे या प्रसंगाबद्दल शंका घेता येते, आणि घ्यावीही. पण त्या खासगी चकत्या आजही जुन्या रणभूमीच्या मातीत सापडतात, त्यांच्याबद्दल शंका नाही. त्यांच्यावाचून काय होत होते, ते व्हिक्सबर्गच्या लष्करी दफनभूमीत दिसते: सुमारे १७,००० सैनिक, आणि त्यांतले जवळपास १३,००० निनावी.

अमेरिकी सैन्याचा अधिकृत बिल्ला आला तो १९०६ मध्ये, ब्रिटिशांचा १९०७ मध्ये. दोन्हीकडे एकच चकती, आणि खोट होती ती नेमकी इथेच. शिपाई पडला की साथीदार चकती काढून पाठवणार; मृत्यूची नोंद होणार, वारसाला कळणार, पण उघड्यावर राहिलेला देह त्याच क्षणी बेनाव होणार. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर यांच्या कबरनोंदणी पथकाकडे घरच्यांच्या पत्रांची रीघ लागली. आमचा मुलगा कुठे पुरला आहे, हा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने दोन चकत्यांचा नियम केला: हिरवी अष्टकोनी चकती देहासोबत राहायची, लाल गोल चकती काढून घ्यायची. हिशेबाला एक चकती पुरली असती. दुसरी आली ती कबरीवर नाव लागावे म्हणून, आणि ते नाव घरच्यांना हवे होते. एवढे होऊनही चकत्या धातूच्या नव्हत्या, दाबलेल्या तंतूंच्या होत्या. ओल्या मातीत त्या कुजल्या. म्हणून आज फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत सांगाडा सापडला, की काही वेळा नाव सांगते ते शिपायाने पदरच्या पैशांनी घेतलेले धातूचे कडे किंवा चकती.

यावर कुणी म्हणेल, सरकारला दुःखाशी कर्तव्य नव्हते. पेन्शन, थकलेला पगार आणि पलटणीची हजेरी यांसाठी त्याला नावे हवी होती. हे खरेच आहे, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. पेन्शन घेणारी विधवा ही घरचीच माणूस. शिवाय १९४१ ते १९४३ या काळातला अमेरिकी बिल्ला पाहा. पत्र्यावर उठवलेल्या पाच ओळी: पहिलीत नाव, दुसरीत क्रमांक, धनुर्वाताच्या लशीचे वर्ष आणि रक्तगट, तिसरीत जवळच्या नातलगाचे नाव, चौथी-पाचवीत त्याचा पत्ता आणि कोपऱ्यात धर्माचे अक्षर. पाचांतल्या तीन ओळी घराच्या! जुलै १९४३ मध्ये त्या वगळल्या गेल्या, तरी काही काळ सैन्याने स्वतःच बिल्ल्यावर घराचा पत्ता लिहिला होता, हे पुसले जात नाही.

नाव न टिकण्याची झळ आपल्यालाही लागली आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या. मेसोपोटेमियात पडलेल्या, कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरांत बिल्ला नसला तरी पहिल्या महायुद्धाचे पदक असू शकते. असल्यास ते चिंच लावून घासू नका. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती भिंगाखाली वाचून कागदावर उतरवा आणि तो कागद पदकासोबतच ठेवा.