ज्यांना पुस्तकबंदी होती, त्यांनीच ग्रंथालय उभारले

न्यूयॉर्कला गेलेला आंबेडकरवादी माणूस कोलंबिया विद्यापीठाची वाट विचारल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले, ती जागा डोळ्यांनी पाहायची असते. आम्हीही गेलो. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. त्यांचा पुतळा पुस्तकांच्या सहवासात असावा, यापेक्षा योग्य ते काय?

पण आम्हाला खरा धक्का बसला तो तिथून अर्ध्या तासाच्या पायपिटीवर, हार्लेममध्ये. ही कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक वस्ती. तिच्या १३५व्या रस्त्यावर एक ग्रंथालय आहे, शॉम्बर्ग सेंटर. आफ्रिकी वंशाच्या लोकांशी संबंधित १ कोटी १० लाखांहून अधिक पुस्तके, हस्तलिखिते, छायाचित्रे आणि वस्तू तिथे जपल्या आहेत. कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी या इमारतीच्या फरशीखाली ठेवलेल्या आहेत. ज्या समाजाने आपल्या लाडक्या कवीला चिरविश्रांतीसाठी ग्रंथालयात जागा दिली, त्याचे पुस्तकाशी काय नाते असेल?

हे नाते आपोआप जडलेले नाही. त्यामागे बंदीचा इतिहास आहे.

दक्षिण कॅरोलिनात १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरला. उत्तर कॅरोलिनाने १८३०च्या सुमारास वाचन शिकवण्यावरही बंदी घातली. एका गुलामाने दुसऱ्याला अक्षर शिकवले तर शिक्षा काय? उघड्या पाठीवर ३९ फटके. शूद्रातिशूद्रांना ज्ञानबंदी करणारी आपल्याकडची धर्मशास्त्रे आणि हे कायदे यांची भाषा वेगळी, पण भीती एकच. वाचणारा माणूस गुलाम राहत नाही, हे मालकाला गुलामाच्या आधी कळते.

फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण पाहा. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मालकाने तिला थांबवले. शिकला तर हा गुलामीला नालायक ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. तो लहानग्या डग्लसने ऐकला आणि मुक्तीची वाट त्याला तिथेच सापडली. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्याने त्यांच्याकडून धडे घेतले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ५० सेंट जमवून भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. पुढे १८४५ साली त्याच मुलाने लिहिलेल्या आत्मकथनाने गुलामगिरीविरोधी चळवळीला मोठे बळ दिले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. दोन खंडांतले दुःख एकाच जातकुळीचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ज्यांच्या नावाने हे ग्रंथालय आहे ते आर्तुरो शॉम्बर्ग १८७४ साली पोर्तो रिकोत जन्मले. त्यांच्याबद्दल सांगितली जाणारी हकीकत अशी, की काळ्यांना इतिहास नाही, त्यांच्यात थोर माणसे झालीच नाहीत, असे शाळेत एका शिक्षकाने त्यांना ऐकवले. शॉम्बर्गनी यावर आयुष्यभर उत्तर शोधले. न्यूयॉर्कमध्ये एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत त्यांनी हजारो ग्रंथ आणि कागदपत्रे गोळा केली. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलरमधून हा संग्रह सार्वजनिक ग्रंथालयासाठी घेतला गेला. या पैशाचे शॉम्बर्गनी काय केले? ते युरोपात आणखी कागदपत्रे शोधायला गेले!

दुसरी घटना व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावची. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या ग्रंथालयात एकेक करून शिरले. सभासदत्व मागितले, नकार मिळाला. मग प्रत्येकाने फडताळातून एक पुस्तक घेतले आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून शांतपणे वाचायला सुरुवात केली. पोलिसांनी त्यांना अटक केली. हा लढा आखणारे तरुण वकील सॅम्युएल टकर यांनी पुढे कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या वेगळ्या ग्रंथालयाचे सभासदत्व साफ नाकारले. मित्रांनो, इथे महाड आठवत नाही का? १९२७ साली आपण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बारा वर्षांनी त्यांनी पुस्तक हातात घेतले. प्रश्न तहानेपुरता नव्हता, माणूसपणाचा होता.

काही जण आम्हाला टोमणा मारतात, की तुम्ही तर ग्रंथ जाळणारे लोक. होय, २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. ज्या ग्रंथाने कोट्यवधींच्या हातातून बाकीचे सगळे ग्रंथ हिसकावले, तो जाळणे हा ग्रंथप्रेमाचाच भाग होता. पोटाला चिमटा काढून न्यूयॉर्कमध्ये जुनी पुस्तके विकत घेणारा आणि पुढे दादरला राजगृह बांधताना ग्रंथांचा विचार आधी करणारा माणूस ग्रंथद्वेष्टा कसा असेल?

आता स्वतःकडे पाहू. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे उसळणारी गर्दी हा आपला अभिमान आहे, आणि तो खरा आहे. फाटकी पिशवी घेऊन आलेली आई लेकरासाठी पुस्तक घेते, हे आम्ही पाहिले आहे. पण विकत घेतलेले पुस्तक उघडले जाते का? आमच्याच वस्तीतल्या विहारात वर्गणी काढून घेतलेले एक कपाट आहे. त्यात बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. त्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. हार्लेमहून परतल्यावर आम्हाला सर्वात जास्त टोचले ते हेच. या कुलपाला मनू जबाबदार नाही, आपण आहोत.

जयंतीची मिरवणूक काढू, निळा झेंडाही फडकवू. पण डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला थोडा हिस्सा वाचनासाठी काढायला कोण अडवते? दर रविवारी एक तास, एक प्रकरण, दहा पोरे-पोरी, आणि वाचल्यावर बिनधास्त वाद. इतके केले तरी पुष्कळ. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहून धर्माला जाब विचारला होता. तिच्याकडे ग्रंथालय नव्हते. आपल्याकडे आहे.

या रविवारी आपापल्या विहारात जा. आधी ती किल्ली शोधा.

जय भीम!