सचिनच्या तीन राजवटी आणि तारतंत्र्याचा परवाना

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर असलेले सचिन मराठी इतिहासाच्या वाचकास अपरिचित नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसाहक्काच्या कलहातून १७९१ साली पेशवे दरबाराशी तह झाला. जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात बाळू मियाँ यांस सुरतेजवळची गावे मिळाली आणि सचिन संस्थान उभे राहिले. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मे १९६० रोजी ते गुजरात राज्यात आले. या स्थित्यंतरांकडे आपण बहुधा भाषा, शाळा आणि नोकऱ्या यांच्या अंगाने पाहतो. आम्हांस येथे ती एका लहानशा कागदाच्या अंगाने पाहावयाची आहेत. हा कागद म्हणजे घरात व कारखान्यात विजेची तार ओढणाऱ्या माणसाचा परवाना.

१९१० चा वीज कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे. सुरत शहर त्या कायद्याखाली, तर काही कोसांवरचे सचिन नवाबांच्या अमलाखाली. विलीनीकरणाने ही शीव पुसली, आणि १९५६ चे भारतीय वीज नियम आले तेव्हा सचिनचा रहिवासीही सुरतकराइतकाच त्यांस बांधला गेला.

त्या नियमांतील ४५ वा नियम आमच्या विषयाचे मूळ होय. ग्राहकाच्या जागेत विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो वा दुरुस्तीचे, राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावे. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी. आणि हात लावणारा कारागीरही परवानाधारकच असावा, असे तो सांगतो. एकाच तारेवर तीन माणसे जबाबदार धरली आहेत. सवलत आहे ती फक्त दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू बदलण्यापुरती, आणि तीही मूळ मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल तरच. जुना पंखा काढून नवा लावणे गृहस्थाच्या अधिकारात. माजघरात एक नवा पॉइंट वाढवणे मात्र नाही. ही रेषा कोणी आखली असेल त्याला घरगुती विजेचे मर्म कळले होते, असे आम्हांस वाटते. वाढलेला भार पेलताना जुनी तार भिंतीच्या आत तापते आणि बाहेर कोणाला काही दिसत नाही.

नवल असे, की ज्या इंग्लंडच्या कायद्यावरून आपल्या वीज कायद्याचा साचा घेतला, तेथे घरातील तारकामास अशा परवान्याची सक्ती नव्हती. घरगुती वीजकाम तेथील इमारत नियमांच्या कक्षेत आले ते २००५ साली.

परवाना ‘राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला’ असावा, असे ४५ व्या नियमाचे शब्द आहेत. १९६० पर्यंत सचिनच्या वायरमनाचे राज्य शासन मुंबईत होते. राज्यांची वाटणी झाली तेव्हा नियम तोच राहिला; परवाना देणारे शासन मात्र बदलले, आणि ‘मान्य केलेला’ या दोन शब्दांना वजन आले. नंदुरबार वा धुळ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘तारतंत्री’ किंवा ‘वीजतंत्री’ (पाटीवर हे शब्द असतात, तोंडी मात्र सर्वत्र वायरमन) असा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. परंतु सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कायद्याने तार जोडावयाची तर त्याला गुजरात शासनाने दिलेला वा मान्य केलेला परवानाच हवा. शिक्षण देशाचे, हात लावण्याची मुभा राज्याची. पोटासाठी तापीकाठाने पश्चिमेकडे आलेल्या आपल्या कुटुंबांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागला नाही.

या व्यवस्थेचे वैगुण्य सांगितलेच पाहिजे. हाताखाली काम करीत शिकलेला, यंत्रमागाची मोटर आवाजावरून ओळखणारा मिस्त्री कागदावाचून राहतो. काम तो करतो आणि चाचणी अहवालावर सही दुसऱ्या कोणाची असते. सही करणाऱ्याने ती जागा पाहिलेली असतेच असे नाही. तीन जबाबदार माणसांपैकी दोन कागदावरच उरली, तर नियमाचा हेतूच नाहीसा होतो. १९१० च्या कायद्यात नियमभंगास कमाल दंड ३०० रुपयांचा होता. त्याची धास्ती कोणाला वाटावी? आमच्या मते दोष परवान्याच्या कल्पनेत नाही. अनुभवी हातांची परीक्षा घेऊन त्यांना कागद देण्याची वाट अरुंद ठेवली गेली, हा दोष आहे. २०१५ नंतर कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची दखल घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. ती स्वागतार्ह असली, तरी ते प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्र्याचा परवाना नव्हे.

१९१० चा कायदा २००३ साली रद्द झाला, आणि १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली. कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि कारागीर ही त्रयी त्यांतही कायम आहे. तेव्हा सचिनमध्ये घर बांधणाऱ्याने चाचणी अहवाल हाती घेताना सही कोणाची आहे हे तर पाहावेच, पण तार प्रत्यक्ष ओढली त्या माणसाचा परवानाही मागावा. तो मागण्याचा अधिकार आपल्याला आहे.