आनंदमापन, राष्ट्रीय

एखाद्या देशातील लोक आपल्या आयुष्याविषयी किती समाधानी आहेत, हे त्यांनाच विचारून आकड्यात मांडण्याची आणि त्या आकड्यांवरून देशादेशांची तुलना करण्याची पद्धत. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, साक्षरता यांची मोजणी बाहेरून करता येते. समाधानाचा साक्षीदार मात्र ज्याचा तोच असतो, त्यामुळे या शास्त्राचे मुख्य साधन प्रश्न हेच आहे. प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलते आणि उत्तराबरोबर देशाचा क्रमांकही. म्हणून आनंदाची कोणतीही जागतिक यादी वाचताना आधी मूळ प्रश्न पाहावा लागतो.

काय मोजले जाते : अभ्यासक तीन गोष्टी वेगळ्या मानतात आणि मराठीत त्या तिन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. पहिली समाधान : एकूण आयुष्याकडे पाहून माणसाने केलेले मूल्यमापन. दुसरी आनंद : प्रत्यक्ष अनुभवलेल्या भावना. इथे ‘काल दिवसभरात तुम्ही हसलात का, काळजीत होतात का, राग आला होता का’ असे प्रश्न येतात. तिसरी सार्थकता : आपण जे करतो त्याला काही अर्थ आहे, असे वाटणे. एकाच माणसाची ही तीन उत्तरे तीन दिशांना जाऊ शकतात. आजारी वडिलांची सेवा करणारी मुलगी कालचा दिवस काळजीत गेला असे सांगेल, पण आयुष्य सार्थकी लागते आहे असेही म्हणेल. वृत्तपत्रांत ‘सर्वांत आनंदी देश’ म्हणून जी यादी छापली जाते, ती बहुधा केवळ पहिल्या गोष्टीची, म्हणजे समाधानाची असते.

पूर्वपीठिका : जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हा राज्यकारभाराचा निकष असावा, हा विचार अठराव्या शतकात जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने मांडला. सुख मोजणाऱ्या यंत्राची कल्पना फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 1881 मध्ये केली. यंत्र कधी झाले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर जनमत चाचण्या रुजल्या आणि लोकांना सरळ विचारण्याचा मार्ग सापडला. युरोपीय समुदायाच्या ‘युरोबॅरोमीटर’ सर्वेक्षणात 1973 पासून आयुष्याविषयीच्या समाधानाचा प्रश्न आहे. 1981 मध्ये सुरू झालेल्या आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात लोकांनी ‘खूप सुखी’ ते ‘अजिबात सुखी नाही’ या चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. 1985 मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच विधानांची समाधानपट्टी तयार केली. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठात रूट वेनहोवेन यांनी अशा सर्वेक्षणांचे मोठे भांडार उभे केले.

कॅन्ट्रिलची शिडी : आज सर्वाधिक वापरात असलेला प्रश्न हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आहे. भारतासह अनेक देशांत लोकांच्या आशा आणि चिंता विचारून त्याने 1965 मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर देणाऱ्याने शून्य ते दहा अशा पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांसमोर आणायची. सर्वांत वरची पायरी म्हणजे त्याला स्वतःला शक्य वाटणारे उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे सर्वांत वाईट. मग सध्या आपण कोणत्या पायरीवर आहोत ते सांगायचे. या प्रश्नात ‘आनंद’ हा शब्दच नाही. शिडीची दोन्ही टोके उत्तर देणाऱ्यानेच ठरवायची असल्याने भाषांतराचा घोळ कमी होतो, ही तिची मोठी सोय. दुसऱ्या बाजूने, शिडी म्हटले की मनात चढण, पुढे जाणे, वरचे-खालचे असे विचार येतात. उत्तर देताना लोक पैसा आणि सामाजिक स्थान यांचा विचार अधिक करतात, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले.

जागतिक आनंद अहवाल : भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै 2011 मध्ये विकासाच्या विचारात आनंदाला स्थान देण्याचा ठराव संमत केला. 2 एप्रिल 2012 रोजी न्यूयॉर्क येथे त्यावर उच्चस्तरीय बैठक झाली आणि त्या निमित्ताने जॉन हेलिवेल, रिचर्ड लेयार्ड व जेफ्री सॅक्स यांनी संपादित केलेला पहिला अहवाल निघाला. त्याच वर्षी 20 मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरला आणि पुढे अहवाल त्या दिवसाच्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागला.

अहवालाची आकडेवारी गॅलप या संस्थेच्या 2005 पासून चालणाऱ्या जागतिक सर्वेक्षणातून येते. बहुतेक देशांत दरवर्षी 15 वर्षांवरील सुमारे 1000 व्यक्तींना प्रश्न विचारले जातात. श्रीमंत देशांत हे काम मुख्यतः फोनवर होते, इतरत्र बहुधा घरोघर जाऊन. लागोपाठच्या तीन वर्षांची सरासरी काढून क्रमांक लावतात.

या अहवालाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. दरडोई उत्पन्न, अडचणीत धावून येणाऱ्या माणसांचा आधार, निरोगी आयुर्मान, आयुष्याचे निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य, दानशूरता आणि भ्रष्टाचाराविषयीची भावना या सहा घटकांना गुण देऊन क्रमांक काढला जातो, असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात क्रमांक फक्त शिडीच्या उत्तरांवरून ठरतो. देशादेशांत फरक का पडतो याचे स्पष्टीकरण शोधण्यासाठी हे सहा घटक नंतर वापरले जातात. आधाराचा प्रश्न साधा आहे : संकटात सापडलात तर हक्काने हाक मारता येईल असे नातेवाईक किंवा मित्र आहेत का? होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यायचे असते. तरीही समाधानातील फरक समजून घेताना उत्पन्नाच्या जोडीला या एका प्रश्नाचे वजन मोठे ठरते.

डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि नॉर्वे यांनी सुरुवातीच्या अहवालांत पहिला क्रमांक मिळवला. 2018 पासून 2025 पर्यंत सलग आठ वर्षे फिनलंड पहिला राहिला. 2025 मध्ये त्याची सरासरी 7.736 होती, तर तळाच्या अफगाणिस्तानची 1.364. त्याच वर्षी कोस्टा रिका आणि मेक्सिको प्रथमच पहिल्या दहांत आले. लॅटिन अमेरिकेतील देशांचे समाधान त्यांच्या उत्पन्नावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा जास्त भरते, ही गोष्ट अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुटुंब आणि गोतावळ्याची वीण हे त्याचे एक कारण मानले जाते.

भूतानची पद्धत : भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक 1979 मध्ये हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतत असताना मुंबईच्या विमानतळावर पत्रकारांनी त्यांना देशाच्या उत्पादनाविषयी विचारले. आमच्यासाठी सकल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगितले जाते. 2008 च्या राज्यघटनेत या ध्येयासाठी अनुकूल परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवण्यात आले.

भूतानचा निर्देशांक एका प्रश्नावर उभा नाही. मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, वेळेचा विनियोग, शिक्षण, सांस्कृतिक वैविध्य, सुशासन, समाजजीवनाचा जिवंतपणा, पर्यावरण आणि राहणीमान अशी त्याची नऊ क्षेत्रे असून त्यांत 33 दर्शक आहेत. सबिना अल्काइर आणि जेम्स फॉस्टर यांनी दारिद्र्यमापनासाठी विकसित केलेली रीत येथे वापरली आहे. प्रत्येक दर्शकात ‘पुरेसे’ म्हणजे किती हे आधी ठरवतात आणि भारांकानुसार 66 टक्के वा त्याहून अधिक बाबतींत पुरेपणा असलेल्या व्यक्तीला सुखी धरतात. या मोजणीनुसार सुखी लोकांचे प्रमाण 2010 मध्ये 40.9 टक्के, 2015 मध्ये 43.4 टक्के आणि 2022 मध्ये 48.1 टक्के होते. जो सुखी ठरत नाही, त्याला नेमके काय कमी पडते हेही या पद्धतीत दिसते. पुरेशी झोप नाही की शिक्षण नाही, हे कळले तर सरकारला काही करता येते.

हाच भूतान 2019 च्या जागतिक अहवालात 156 देशांत 95 वा होता. एकाच समाजाला दोन प्रश्न विचारले की दोन चित्रे उमटतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. भूतानच्या प्रयोगाला एक दुखरी बाजूही आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भूतानमधील सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना देश सोडावा लागला आणि त्यांनी नेपाळमधील छावण्यांत वर्षे काढली. देशाबाहेर गेलेल्या माणसाला सर्वेक्षणात प्रश्न विचारला जात नाही. म्हणून राष्ट्रीय सरासरी वाचताना तिच्यात कोण धरलेले नाही, हेही विचारले पाहिजे.

उत्पन्न आणि समाधान : श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा आणि श्रीमंत देश गरीब देशांपेक्षा सरासरीने अधिक समाधानी असतात. पण देशाचे उत्पन्न अनेक वर्षे वाढत गेले तरी समाधान त्या प्रमाणात वाढतेच असे नाही, हे रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्ये दाखवले. ही विसंगती त्यांच्या नावाने ओळखली जाते. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी 2008 मध्ये अधिक देशांची आकडेवारी घेऊन तिला आव्हान दिले आणि तो वाद अजून मिटलेला नाही. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेतील साडेचार लाख उत्तरांवरून आणखी एक भेद पुढे आणला. वार्षिक 75,000 डॉलरच्या आसपास पोहोचल्यावर रोजच्या भावनांतील सुधारणा थांबते, पण शिडीवरचे उत्तर उत्पन्नाबरोबर चढतच राहते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या संशोधनाने यातील पहिल्या भागाला छेद दिला. 2023 मध्ये कानमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह एकत्र काम केले, तेव्हा ती मर्यादा मुख्यतः सर्वांत दुःखी गटापुरती असल्याचे त्यांना आढळले. मतभेद असलेल्या संशोधकांनी एकत्र बसून चूक शोधण्याचे हे उदाहरण अनुकरणीय आहे.

मापनातील अडचणी : पहिली अडचण नमुन्याची. तीन वर्षांच्या सुमारे 3000 उत्तरांतून काढलेल्या सरासरीत दोन्ही बाजूंना किमान 0.06 ते 0.1 इतकी चूक संभवते. 2025 मध्ये डेन्मार्क (7.521) आणि आइसलँड (7.515) यांच्यात फक्त 0.006 चे अंतर होते. तेवढ्यावरून एक दुसरा आणि एक तिसरा ठरला, पण या फरकाला काही अर्थ नाही. फिनलंड आणि अफगाणिस्तान यांच्यातील सहा पायऱ्यांहून मोठे अंतर मात्र कोणत्याही चुकीने भरून निघणारे नाही.

दुसरी अडचण प्रश्नांच्या क्रमाची. अमेरिकेतील सर्वेक्षणात आधी राजकारणाविषयी विचारले की लोक शिडीवर स्वतःला खाली ठेवतात, असे डीटन यांना आढळले. 1983 मध्ये नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी उन्हाच्या आणि पावसाच्या दिवशी फोन करून विचारले, तेव्हा पावसात समाधान कमी भरले. आधी हवेचा विषय काढल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत मात्र हवेचा प्रभाव फारसा दिसला नाही.

तिसरी अडचण भाषेची आणि रीतीची. ‘कसं काय’ला आपल्याकडे ‘चाललंय बरं’ असे उत्तर येते. सुख बोलून दाखवले तर दृष्ट लागेल अशी धास्ती अनेक घरांत असते आणि परक्यासमोर दुःख उघड करणेही नको वाटते. कोणत्याही दोन समाजांत ही रीत सारखी नसते.

भारत : जागतिक अहवालात भारत 2013 मध्ये 156 देशांत 111 वा, 2020 मध्ये 153 देशांत 144 वा आणि 2025 मध्ये 147 देशांत 118 वा होता. 2025 ची सरासरी 4.389 होती. पहिल्या सात वर्षांत दरडोई उत्पन्न वाढत असतानाही क्रमांक घसरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसरीकडे, इप्सॉस या संस्थेच्या ‘तुम्ही सुखी आहात का’ अशा थेट प्रश्नावर भारत वरच्या देशांत दिसतो. ते सर्वेक्षण इंटरनेटवरून होते, त्यामुळे त्यात भारतातील शहरी, सुशिक्षित लोकांचा भरणा अधिक असतो. शिवाय प्रश्नही वेगळा आहे. दोन्ही निष्कर्षांपैकी एकाला खोटे ठरवण्याची गरज नाही, ते दोन वेगळ्या लोकसमूहांचे दोन वेगळ्या प्रश्नांवरील म्हणणे आहे. राज्य पातळीवर मध्य प्रदेशाने 2016 मध्ये आनंद विभाग स्थापन केला आणि दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

महत्त्व : जोसेफ स्टिगलिट्झ, अमर्त्य सेन आणि ज्याँ-पॉल फितुसी यांच्या आयोगाने 2009 मध्ये फ्रान्स सरकारला दिलेल्या अहवालात, देशाची प्रगती मोजताना लोकांचे स्वतःविषयीचे म्हणणेही नोंदवावे, अशी शिफारस केली. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय 2011 पासून समाधान, सार्थकता, कालचा आनंद आणि कालची चिंता असे चार प्रश्न विचारते. न्यूझीलंडने 2019 मध्ये कल्याणकेंद्री अर्थसंकल्प मांडला. अशा सर्वेक्षणांचा खरा उपयोग देशांची स्पर्धा लावण्यात नसून एकाच देशात वर्षानुवर्षे तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारण्यात आहे. बेकारी, एकटेपणा आणि मानसिक आजार यांचे ओझे उत्पन्नाच्या तक्त्यात पुरेसे उमटत नाही, ते या उत्तरांत उमटते. भारताकडे 1950 पासूनची राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची परंपरा आहे. घरोघर जाऊन खर्च आणि रोजगार विचारणाऱ्या त्या प्रश्नावलीत लोकांच्या भाषेतील चार प्रश्नांची भर पडली, तर कोणत्या भागात, कोणत्या वयात आणि कोणत्या कामात माणसे हताश होत आहेत हे वेळेवर कळू शकेल. ही माहिती कोणत्याही जागतिक क्रमांकापेक्षा मोलाची ठरेल.