अश्मरीभंजन, शरीरबाह्य

शरीराला छेद न घेता आणि कोणतेही उपकरण आत न घालता, बाहेर निर्माण केलेले आघात-तरंग मूत्रपिंडातील किंवा मूत्रवाहिनीतील खड्यावर एकवटून तो फोडण्याची पद्धत. फुटलेल्या खड्याची भुकटी व बारीक तुकडे पुढे लघवीवाटे पडून जातात. वैद्यकीय व्यवहारात ही पद्धत ‘ईएसडब्ल्यूएल’ या आद्याक्षरांनी, तर यंत्र ‘लिथोट्रिप्टर’ या नावाने ओळखले जाते. रुग्ण ‘शॉक देऊन खडा फोडला’ असे म्हणतात. यात रुग्णाला विजेचा झटका बसत नाही, हे बाह्यरुग्ण विभागात दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते. [→ मुतखडा, मूत्रपिंड].

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील अश्मरी छेद घेऊन काढण्याचे तपशीलवार वर्णन आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास परिणाम अनिश्चित, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुमती घ्यावी, असा सावध सल्लाही तिथे दिला आहे. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात झां सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये मूत्रमार्गातून उपकरण घालून मूत्राशयातील खडा आतल्या आतच फोडला. छेदाच्या शस्त्रक्रियेत सुमारे १९% आणि आपल्या पद्धतीत सुमारे २% रुग्ण दगावतात, ही तुलना त्यांनी पुढे आकडेवारीनिशी मांडली. १९५० च्या दशकात सोव्हिएट अभियंते ल्येव युटकिन यांनी पाण्याखाली विद्युत ठिणगी पाडून कठीण पदार्थ फोडता येतात हे दाखविले व त्यातून मूत्राशयातील खडे फोडण्याचे उपकरण निघाले. हे सगळे मूत्राशयापुरते होते. मूत्रपिंडातील मोठ्या खड्यासाठी कुशीत लांब छेद घेणे, हाच १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राजमार्ग होता. खडे पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांत त्याच व्रणातून दुसरी-तिसरी शस्त्रक्रिया करणे रुग्ण व शल्यविशारद दोघांनाही नकोसे होई.

शोध : या पद्धतीचा उगम वैद्यकात नाही. जर्मनीत बोडन्झे सरोवराच्या काठी फ्रीड्रिखशाफेन येथे डॉर्निए ही विमाने बांधणारी कंपनी होती. स्वनातीत वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की पत्र्याला बारीक खळगे पडतात आणि आघाताच्या जागेपासून दूर, आतल्या भागातही इजा होते. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी तेथे अतिवेगवान गोळ्या लक्ष्यावर मारून आघात-तरंगांचे प्रयोग चालत. १९६६ मध्ये गोळी आदळण्याच्या नेमक्या क्षणी एका अभियंत्याचा हात लक्ष्याच्या पत्र्याला लागला व त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले, मापनात मात्र वीज आढळली नाही, अशी हकीकत या विषयाच्या बहुतेक इतिहासांत दिलेली असते. पुढे संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानातून आघात-तरंग सजीव ऊतींतून कसे जातात याचा अभ्यास झाला. स्नायू, चरबी, त्वचा यांतून ते फारशी इजा न करता पार होतात, फुप्फुसासारख्या हवा भरलेल्या अवयवाला मात्र जबर इजा करतात, असे त्यातून दिसले.

खड्याची कल्पना त्यानंतरची. १९७० च्या दशकाच्या आरंभी शरीराबाहेर, पाण्यात ठेवलेला मूत्रपिंडाचा खडा आघात-तरंगांनी फोडून पाहण्यात आला. म्यूनिक विद्यापीठातील मूत्रविकार विभागाचे प्रमुख एगबर्ट श्मीट, शस्त्रक्रिया-संशोधन संस्थेचे वाल्टर ब्रेंडेल, तरुण मूत्रशल्यविशारद क्रिस्टियान शाउसी व फर्डिनांड आयझेनबर्गर आणि डॉर्निएकडील भौतिकीविज्ञ बेर्न्ड फोर्समान यांनी हे काम पुढे नेले. कुत्र्यांच्या मूत्रपिंडात माणसाचे खडे बसवून ते बाहेरून फोडण्यात आले. फोडण्याचा प्रश्न लवकर सुटला. अडले ते खडा शोधण्यापाशी. त्या काळच्या श्राव्यातीत ध्वनियंत्रांना शरीरातील खड्याची त्रिमितीय जागा भरवशाने सांगता येईना आणि यात काही वर्षे गेली. अखेर दोन दिशांनी क्ष-किरण टाकून जागा निश्चित करण्याची सोय यंत्रातच बसविण्यात आली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे पहिल्या रुग्णावर ‘एचएम-१’ या यंत्राने उपचार झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पहिला अहवाल आला आणि १९८२ मध्ये ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. १९८३ मध्ये ‘एचएम-३’ हे विक्रीसाठीचे यंत्र स्टुटगार्टमध्ये बसविण्यात आले व डिसेंबर १९८४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

एचएम-३ : हे यंत्र म्हणजे एक खोलीभर पसारा होता. मध्यभागी कोमट, वायुविरहित केलेल्या पाण्याची पोलादी टाकी. भूल दिलेल्या रुग्णाला जलदाबावर चालणाऱ्या आसनात बांधून, छातीपर्यंत पाण्यात उतरविले जाई. टाकीच्या तळाशी पितळेचा अर्ध-विवृत्तज परावर्तक असे. विवृत्ताच्या दोन नाभींपैकी एकीवर, पाण्याखाली, सुमारे २० किलोव्होल्ट दाबाची ठिणगी पडे. ठिणगीभोवतीचे पाणी क्षणात बाष्प होऊन प्रसरण पावे व त्यातून निघालेला तरंग परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीवर एकवटे. तज्ज्ञाचे सगळे कसब खडा त्या दुसऱ्या नाभीवर आणण्यात असे. त्यासाठी तो क्ष-किरणांच्या दोन पडद्यांवर पाहत रुग्णाचे आसन वर-खाली, पुढे-मागे सरकवी. प्रत्येक ठिणगीचा आवाज बंदुकीच्या बारासारखा येई. हृदयाच्या तालात बिघाड होऊ नये म्हणून ठिणगी हृद्‌विद्युत आलेखातील ‘आर’ तरंगाशी जुळवून पाडली जाई. म्हणजे यंत्राचा वेग रुग्णाचे हृदय ठरवी. ठिणगीची अग्रे झिजत व बदलावी लागत.

भौतिकी : पाणी व मऊ ऊती यांचे ध्वनिवाहक गुणधर्म जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे पाण्यातून शरीरात शिरताना तरंग फारसा परावर्तित होत नाही. खडा मात्र अधिक घन, व त्यातील ध्वनीचा वेग बहुधा पाण्यातील वेगाच्या दुपटीहून अधिक. म्हणून ऊर्जा तिथेच खर्ची पडते. तरंगाचा दाब काही नॅनोसेकंदांत ३० ते १०० मेगापास्कलपर्यंत चढतो आणि मागोमाग ऋण दाबाचा लांब टप्पा येतो. खडा फुटण्याची कारणे एकाहून अधिक मानली जातात : खड्याच्या मागच्या पृष्ठावरून परतणाऱ्या तरंगाने पडणारा ताण, भोवतालच्या द्रवातून जाणाऱ्या तरंगाने चहूबाजूंनी होणारी दाबणी, अंतर्भागातील कर्तन, आणि ऋण दाबात तयार झालेले बुडबुडे कोसळताना खड्याच्या पृष्ठावर बसणारे फटके. यांपैकी प्रमुख कोणते, याविषयी एकमत नाही.

ठिणगीखेरीज विद्युतचुंबकीय पटल व दाबविद्युत स्फटिक या दोन रीतींनीही तरंग निर्माण केले जातात. आजची बहुतेक यंत्रे विद्युतचुंबकीय आहेत.

पुढील पिढ्या : टाकी गेली, तिच्या जागी पाण्याने भरलेली रबरी उशी आली. नाभिक्षेत्र लहान व त्वचेवरील प्रवेशक्षेत्र मोठे करून वेदना कमी करण्यात आल्या, पूर्ण भुलीची गरज बहुधा उरली नाही आणि उपचार दिवसभरात उरकून रुग्ण घरी जाऊ लागला. सोयीच्या दृष्टीने ही प्रगती खरी. परिणामकारकतेचा हिशेब मात्र उलटा लागतो. एचएम-३ चे नाभिक्षेत्र सुमारे १२ ते १५ मिमी. रुंद होते, नंतरच्या अनेक यंत्रांत ते ५-६ मिमी.च्या आसपास आले आणि शिखरदाब वाढला. श्वासाबरोबर मूत्रपिंड वर-खाली होते. अरुंद नाभीतून खडा दर श्वासाला निसटतो आणि बरेच तरंग नुसत्या ऊतींवर पडतात. पहिल्या यंत्राची बरोबरी नंतरच्या यंत्रांना क्वचितच साधली, हे या क्षेत्रात आता मोकळेपणाने मान्य केले जाते. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत ते आढळत नाही.

उशी आणि त्वचा यांमधील लेप (जेल) हा दुसरा कच्चा दुवा. टाकीत हवेला जागाच नव्हती. लेपात मात्र बुडबुडे अडकतात आणि ते वरून दिसत नाहीत. संपर्कक्षेत्राचा अवघा २% भाग हवेने व्यापला, तरी भंजनक्षमता २० ते ४०% घटते, असे प्रयोगशाळेत कृत्रिम खड्यांवर आढळले आहे. लेप हाताने पसरून दोन्ही बाजूंना चोपडण्याची सवय सर्वत्र आहे आणि तीच घातक आहे. मोठ्या तोंडाच्या बरणीतून लेपाचा एकच गोळा उशीच्या मध्यावर ठेवून, रुग्णाच्या भाराने तो आपोआप पसरू देणे, हे साधे काम अधिक चांगले ठरते. उपचार चालू असताना रुग्ण हलला व उशी सुटली, तर लेप पुसून पुन्हा नव्याने घालावा.

वेगाचेही तसेच आहे. मिनिटाला १२० ऐवजी ६० तरंग दिल्यास खडा अधिक चांगला फुटतो, हे चाचण्यांत वारंवार दिसले आहे. पण ३,००० तरंगांना २५ मिनिटांऐवजी ५० मिनिटे लागतात, आणि बाहेर रांग असते. आरंभी कमी ऊर्जेचे तरंग देऊन थोडे थांबणे व मग ऊर्जा चढविणे, यामुळे मूत्रपिंडाची इजा कमी होते, असे डुकरांवरील प्रयोगांत आढळले. ही रीत आता रूढ आहे.

रुग्णाची निवड : मूत्रपिंडातील २ सेंमी.पर्यंतच्या खड्यासाठी ही पद्धत विचारात घेतली जाते. तळाच्या कप्प्यातील खड्यात यश कमी, कारण खडा फुटला तरी तुकड्यांना वर चढून यावे लागते. संगणकीय छेददर्शनात (सीटी स्कॅन) खड्याची घनता १,००० हाउन्सफिल्ड एककांहून अधिक असेल, किंवा त्वचेपासून खड्याचे अंतर १० सेंमी.हून अधिक असेल, तर अपयशाची शक्यता वाढते. सिस्टीन, ब्रशाइट व कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट यांचे खडे चिवट असतात. यूरिक अम्लाचा खडा क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून तो सोनोग्राफीवर पाहून फोडावा लागतो. मात्र लघवी अल्कधर्मी ठेवल्यास तो औषधानेही विरघळू शकतो. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने किंवा बिअर यांनी खडा ‘विरघळला’ असे सांगणारे रुग्ण महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. मूत्रवाहिनीतील ५ मिमी.हून लहान खडे बहुधा आपोआपच पडतात आणि श्रेय त्या दिवसांत जे पोटात गेले असेल त्याला मिळते. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा विरघळविणारे औषध उपलब्ध नाही.

गर्भारपण, रक्त न गोठण्याचा विकार, उपचार न झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग, खड्याच्या खालच्या बाजूस अडथळा व जवळच्या रोहिणीचा फुगवटा, या स्थितींत ही पद्धत वर्ज्य आहे.

लहान मुले : परिणाम चांगला मिळतो, भूल बहुधा लागते.

उपद्रव : लघवीतून एक-दोन दिवस रक्त जाणे नेहमीचे. तुकडे पडताना कळा येतात. पुष्कळ तुकडे मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकून रांग लागल्यास मूत्रपिंड तुंबते व नळी (स्टेंट) घालावी लागते किंवा दुर्बिणीने तुकडे काढावे लागतात. मूत्रपिंडाभोवती लक्षणे निर्माण करील इतके रक्त साकळणे विरळा. १९८५ मध्ये एचएम-३ ने उपचार झालेल्या रुग्णांचा १९ वर्षांनंतर मागोवा घेऊन, त्यांच्यात उच्च रक्तदाब व मधुमेह अधिक आढळल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. २०११ मधील व्यापक पाहणीत रक्तदाबाशी तसा संबंध दिसला नाही. प्रश्न निकालात निघालेला नाही, असे समजून चालावे.

सद्यःस्थिती : १९९० च्या दशकापर्यंत मूत्रपिंडातील लहान व मध्यम खड्यांवरचा हा पहिला उपचार होता. लवचीक दुर्बीण व होल्मियम लेसर आल्यावर चित्र पालटले. दुर्बिणीत खडा डोळ्यांसमोर फोडता येतो व तुकडे उचलता येतात. शरीरबाह्य पद्धतीत फोडण्याचे काम डॉक्टरचे आणि बाहेर काढण्याचे रुग्णाचे. आठवडाभर लघवी गाळून पाहणे, पुन्हा फोटो काढणे, गरज पडल्यास दुसरी बैठक, हे कामधंदा बुडवून दूरच्या तालुक्यातून येणाऱ्याला परवडत नाही. तो ‘एकदाच काय ते काढून टाका’ म्हणतो, आणि शल्यविशारदालाही तेच सोयीचे असते. यंत्र चालविण्याचे काम पुष्कळदा तंत्रज्ञावर सोपविलेले असते. त्यामुळे नव्या डॉक्टरांना या पद्धतीचे कसब शिकायला मिळत नाही, व निकाल आणखी घसरतात.

इतर अवयव : पित्ताशयातील खड्यांवर म्यूनिक येथेच १९८५ मध्ये प्रयोग सुरू झाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया रूढ होताच ते मागे पडले. स्वादुपिंडाच्या नलिकेतील खड्यांवर मात्र ही पद्धत टिकून आहे व भारतात हैदराबाद येथे तिचा मोठा अनुभव जमा झाला आहे. टाचदुखीवर कमी ऊर्जेचे तरंग वापरतात. तेथे फोडण्यासारखे काही नसते, आणि गुण कशाने येतो याचे स्पष्टीकरण समाधानकारक नाही. लालापिंडातील खडे : क्वचित.

नवे प्रयत्न : आघात-तरंगांऐवजी कमी दाबाच्या श्राव्यातीत लहरींचे छोटे झोत देऊन खडा हळूहळू भेगाळण्याची रीत अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित होत असून, मानवी रुग्णांवरील निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हातात धरता येणाऱ्या शोधकाने, जाग्या रुग्णावर, भुलीवाचून हे करता यावे असा त्यामागील हेतू आहे. [→ श्राव्यातीत ध्वनी].