मानसशास्त्र कुणी शिकावे?

जून महिना जवळ आला की अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल सुरू होते आणि आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्याकडे पालक एक प्रश्न घेऊन येतात. मुलगा किंवा मुलगी कला शाखेत मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊ म्हणते. घेऊ द्यावा काय? एका बापाने आमच्यासमक्षच मुलाला विचारले, "हे शिकून काय येड्याइचा डाक्टर व्हशीन काय बे?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्याच्या पोटात भाकरीची चिंता आहे. आम्ही स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. परंतु या शास्त्राचा आणि कामगाराचा संबंध जुना आहे, व तो इतिहास विषय निवडणाऱ्या मुलाला सहसा कुणी सांगत नाही.

१८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तोवर मन हा तत्त्वज्ञांचा विषय होता. आता ते मोजण्याची भाषा सुरू झाली. वुंटचे शिष्य ह्युगो म्युन्स्टरबर्ग पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेले. त्यांनी मोजले काय? विजेच्या गाड्या हाकणाऱ्या चालकांचे अवधान! अपघात करणारा माणूस नेमणुकीआधीच ओळखून बाजूला काढावा, हा हेतू. त्यांच्याच हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त कलकत्त्यास परतले आणि १९१६ साली तेथील विद्यापीठात सुरू झालेला, या देशातील मानसशास्त्राचा पहिला विभाग त्यांनी सांभाळला. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र ज्या गुरुपरंपरेतून आले, तिच्यात कामगाराचे नाव पहिल्यापासूनच आहे. मात्र मोजणारा म्हणून नव्हे, मोजला जाणारा म्हणून.

यापुढची हकिकत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनची सामग्री बनविणारा मोठा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले. उजेड बदलून पाहिला, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, हजारो मुलाखती घेतल्या. माणूस नुसता पगाराचा धनी नसतो, त्याला मान हवा असतो, असा त्यातून बोध काढण्यात आला. (हे कळायला एवढी वर्षे लागावीत, याचे आमच्या गेटवरच्या चहावाल्याला नवल वाटेल.) त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला, तो पंडितांनी मिटवावा. आमचे लक्ष १९३६ साली तेथेच सुरू झालेल्या समुपदेशनाकडे आहे. समुपदेशकाने कामगाराचे गाऱ्हाणे मन लावून ऐकायचे. मात्र ते दूर करण्यासाठी स्वतः काही करायचे नाही, असा दंडक होता. ऐकल्याने मन हलके होते हे खरेच. पण दर कापला गेला असेल, तर तो कापलेलाच राहतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. स्वयंचलित मागांच्या खात्यात कामाचे इतके तुकडे पाडले होते की कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. माणसांचे लहान गट करून प्रत्येक गटाकडे काही माग सोपविण्याची पद्धत पुढे आली, आणि कामगारांनीच उत्साहाने गट जमविले. कापड वाढले, खराबी घटली. शास्त्र तेच, प्रश्न विचारण्याची रीत निराळी.

आता वऱ्हाडाकडे येऊ. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले, त्याच साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज. अमरावतीचे स्वतःचे विद्यापीठ मात्र १९८३ साली झाले. अकोल्याच्या सावतराम व मोहोता गिरण्या १९७४ साली सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे त्या बंद पडल्या. भोंगा थांबल्यावरही सवयीने डबा घेऊन घराबाहेर पडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते.

याच अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. तीस खेड्यांत गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांना उदासीनतेचा आजार ओळखण्याचे व धीर देण्याचे शिक्षण दिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, आधी अशा शंभर आजाऱ्यांपैकी चारच मदतीपर्यंत पोहोचत. नंतर सत्तावीस पोहोचू लागले. हे काम वऱ्हाडी बोली समजणाऱ्यानेच करावयाचे आहे. "जीव लागत नाही" म्हणणाऱ्या माणसाला झोप येत नाही, की सावकार दारात बसला आहे, की दोन्ही, हे त्याला उमगले पाहिजे. कापसाचा भाव ठाऊक नसलेला समुपदेशक हॉथॉर्नच्या समुपदेशकापेक्षा फार वेगळा ठरणार नाही.

म्हणून पालकांना आम्ही 'घेऊ द्या' म्हणतो. पण हिशेबही मांडून दाखवतो. नुसत्या बी. ए.ने समुपदेशकाची खुर्ची मिळत नाही. एम. ए. करावे लागते, आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करावयाचे तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण व नोंदणी लागते. एवढी वर्षे घर तग धरील काय, हे आधी पाहावे. आणि फी भरण्यापूर्वी मुलाने महाविद्यालयाची मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडून दाखवावयास सांगावे. कपाटाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसेल, तर दुसरे महाविद्यालय शोधावे.